येरवड्याच्या भिंतीआड प्रौढांचा वर्ग चालवताना

कारागृहातील बंद्यांना शिकवावे असे वाटणाऱ्या माणसांची पुण्यात कधीच वाण नव्हती. निवृत्त शिक्षक, बँकेतून बाहेर पडलेले अधिकारी, समाजकार्याचे विद्यार्थी असे अनेकजण मोठ्या उमेदीने येरवड्याच्या दरवाजापर्यंत जातात आणि माझ्या पाहण्यातले बरेचसे तीन-चार महिन्यांत थांबतात. त्यांची तळमळ खोटी असते असे मुळीच नाही. शाळेचा वर्ग जसाच्या तसा उचलून आत नेता येतो, हे त्यांचे गृहीतक तेवढे चुकीचे असते. शाळेत मूल एकदा पहिलीत बसले की वर्षभर त्याच बाकावर सापडते. कारागृहातला विद्यार्थी सोमवारी समोर बसलेला असतो, बुधवारी तारखेला गेलेला असतो, शुक्रवारी त्याचा जामीन होतो किंवा त्याला नाशिकरोडच्या अथवा कोल्हापूरच्या कारागृहात वर्ग केलेले असते. तेव्हा आत शिकवू पाहणाऱ्याने दोन गोष्टींची खूणगाठ बांधावी. पाठ ज्या दिवशी सुरू होईल त्याच दिवशी पुरा झाला पाहिजे, आणि माणूस जिथे जाईल तिथे त्याच्या शिक्षणाचे कागद त्याच्यामागून गेले पाहिजेत. पुढे जे लिहिले आहे ते बहुतेक या दोन गोष्टींचाच विस्तार आहे.

आत कोण आहे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील सुमारे पावणेसहा लाख बंद्यांपैकी ७५.८ टक्के न्यायाधीन, म्हणजे बोलीभाषेत कच्चे कैदी होते; त्यांचा खटला अद्याप चाललेला नव्हता किंवा चालू होता. उरलेले जवळजवळ सगळे शिक्षाबंदी, म्हणजे पक्के. वर्ग आखताना हा फरक सर्वांत महत्त्वाचा ठरतो. शिक्षाबंद्याला आपण किती दिवस आत आहोत हे साधारण ठाऊक असते, त्यामुळे त्याच्यासाठी दहावी, बारावी, पदवी असा लांबचा बेत करता येतो. न्यायाधीन बंद्याला उद्याचे माहीत नसते, आणि त्याला तीन वर्षांच्या पदवीचे माहितीपत्रक देणे म्हणजे ‘तुम्ही तीन वर्षे इथेच आहात’ असे सांगण्यासारखे असते. एका मध्यमवयीन गृहस्थांनी मला ते पत्रक घडी घालून परत दिले होते आणि एवढेच म्हणाले होते, ‘सर, तेवढे नका बोलू.’ न्यायाधीन बंद्यांसाठी साक्षरता, पत्रलेखन, हिशेब आणि अर्ज वाचणे-लिहिणे एवढाच आटोपशीर अभ्यास ठेवावा.

येरवडा मध्यवर्ती कारागृहाची अधिकृत क्षमता अडीच हजारांच्या आसपास असून प्रत्यक्षात आत त्याच्या दुपटीहून अधिक माणसे राहत आली आहेत. या गर्दीचा शिक्षणाशी थेट संबंध आहे, कारण वर्गासाठी मोकळी खोली हीच तिथली सर्वांत दुर्मीळ वस्तू असते. फळ्यासाठी नव्हे, जागेसाठी आधी बोलणी करावीत.

परवानगी

एकट्याने जाऊ नये. नोंदणीकृत संस्था, महाविद्यालयाचा समाजकार्य विभाग किंवा मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र यांच्यामार्फत अर्ज केला तर काम लवकर होते आणि आपण आजारी पडलो तरी वर्ग बंद पडत नाही. अर्ज कारागृह अधीक्षकांच्या नावे करावा. नियमित आणि दीर्घ मुदतीच्या उपक्रमासाठी पुणे स्टेशनजवळच्या जुन्या मध्यवर्ती इमारतीतील कारागृह व सुधारसेवा मुख्यालयाचीही मान्यता लागू शकते, म्हणून अर्जाची एक प्रत तिकडे द्यावी आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नये. अर्जात स्वयंसेवकांची नावे, ओळखपत्रांच्या प्रती, कोणत्या वारी किती वाजता येणार, काय शिकवणार, किती बंदी अपेक्षित आहेत आणि कोणते साहित्य आत न्यायचे आहे, हे सर्व लिहावे. ‘बंदीबांधवांच्या जीवनात ज्ञानाचा प्रकाश’ वगैरे वाक्ये अर्जात नसलेली बरी. अधिकाऱ्याला हवी असते ती यादी. पोलीस पडताळणीला वेळ लागतो, म्हणून दोन स्वयंसेवकांची गरज असली तरी पडताळणी चौघांची करून ठेवावी.

अधीक्षकांची सही झाली म्हणजे काम झाले असे मात्र नसते. प्रत्यक्षात वर्ग भरतो तो सर्कलवरच्या, म्हणजे बराकींच्या एका विभागावरच्या, तुरुंगाधिकाऱ्याच्या आणि हवालदाराच्या सहकार्याने, कारण बराकीतून माणसे काढून वर्गापर्यंत आणणे आणि मोजून परत नेणे हे त्यांचे काम असते. मनुष्यबळ अपुरे असते, आणि आपला वर्ग म्हणजे त्यांच्या डोक्यावर आणखी एक जबाबदारी असते. पहिल्या महिन्यात त्यांच्या सोयीची वेळ विचारून घेतली तर पुढची वर्षे सुरळीत जातात. कारागृहात शिक्षकाचे पद भरलेले असेल तर त्या शिक्षकाला डावलून काही करू नये. परीक्षेचे अर्ज, हजेरीपत्रक आणि पत्रव्यवहार शेवटी त्याच्याच टेबलावरून जाणार असतात.

कोणी हा सगळा उपद्व्याप अनावश्यक आहे असे म्हटले, तर त्याला १९६५ सालचा एक निकाल जरूर सांगावा. महाराष्ट्रात स्थानबद्ध असलेल्या एका गृहस्थांनी तुरुंगात अणुविज्ञानावर मराठीतून पुस्तक लिहिले होते आणि ते प्रकाशनासाठी बाहेर पाठवण्याची परवानगी सरकारने नाकारली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि न्यायालयाने, नियमात ज्याला मनाई नाही ते करण्याचे स्वातंत्र्य स्थानबद्धालाही आहे, अशा अर्थाचा निर्णय देऊन हस्तलिखित बाहेर पाठवण्याचा मार्ग मोकळा केला. आतल्या माणसाच्या लिहिण्या-वाचण्याची बाजू घेणारा हा निकाल एका मराठी विज्ञानपुस्तकामुळे लागला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

पहिला दिवस

‘किती शिकला आहात?’ हा प्रश्न विचारू नये. प्रौढ माणूस दहाजणांसमोर ‘काहीच नाही’ असे सांगत नाही. तो ‘चौथी’ म्हणतो, आणि तुम्ही चौथीचे पुस्तक काढता. त्याऐवजी कॅन्टीनच्या वस्तूंची एक यादी मोठ्या अक्षरांत लिहून न्यावी आणि प्रत्येकाने स्वतःला हवी ती वस्तू बोटाने दाखवून वाचावी असे सुचवावे. साबण, तेल, बिस्किटे, वही एवढ्या चार-पाच शब्दांत कोण सलग वाचतो, कोण अक्षर जुळवतो आणि कोण शेजाऱ्याकडे पाहतो, हे पंधरा मिनिटांत कळते आणि कुणाचा पाणउताराही होत नाही. पुण्याच्या आसपासच्या बांधकामांवर आणि कारखान्यांत राबायला आलेली कन्नड, तेलुगू, बंगाली, हिंदी बोलणारी माणसेही आत असतात. त्यातल्या काहींना स्वतःच्या लिपीत वाचता येते, त्यांना निरक्षरांच्या रांगेत बसवणे ही मोठी चूक ठरते.

संबोधनाचेही भान ठेवावे. वयाने मोठे असलेल्यांना काका, मामा, महिला विभागात मावशी, ताई, आणि सर्वांना ‘अहो’. आत बहुतेकांना दिवसभर अरे-तुरेच ऐकावे लागते. गुन्हा काय होता हे विचारू नये, आणि बाहेर येऊन शोधूही नये. ते कळल्यावर त्या माणसाचे शुद्धलेखन तपासताना आपला हात पहिल्यासारखा राहत नाही.

अक्षरे कोणत्या क्रमाने

मुळाक्षरांचा तक्ता घेऊन ‘अ’पासून सुरुवात केली की ‘ज्ञ’ येईपर्यंत निम्मा वर्ग सुटलेला किंवा हललेला असतो. म्हणून पहिल्याच तासाला न, व, ग, म, क ही पाच अक्षरे आणि एक काना एवढेच घ्यावे. त्यातून नाव, गाव, काम, मान, मामा, काका, नाना, मकान, कमान एवढे शब्द त्याच दिवशी वाचता येतात, आणि माणूस बराकीत परत जातो तो काहीतरी पुरे करून. दुसऱ्या तासाला र, त, ल आणि वेलांटी. तिसऱ्या तासाला प्रत्येकाच्या स्वतःच्या नावातील अक्षरे. सही हा स्वतंत्र पाठ ठेवावा. वकीलपत्रावर, जबाबावर, टपालाच्या पावतीवर आयुष्यभर अंगठा लावलेला माणूस जेव्हा पहिल्यांदा सही करतो, तेव्हा त्याला ती चार वेळा गिरवायची असते. त्यासाठी वेळ राखून ठेवावा आणि पुढचा पाठ खुशाल बुडू द्यावा.

दुसऱ्या महिन्यापासून वाचनासाठी आतलेच शब्द घ्यावेत: तारीख, जामीन, वकील, अर्ज, मुलाखत (म्हणजे घरच्यांची भेट), माफी, रजा, सुटका. हे शब्द ते रोज ऐकतात आणि त्यावर त्यांचे आयुष्य टांगलेले असते, त्यामुळे जोडाक्षरे नसलेल्या गोष्टींच्या पुस्तकापेक्षा ते कितीतरी लवकर लक्षात राहतात. मात्र पहिले पत्र घरचे असावे. ‘मी बरा आहे. तुम्ही कसे आहात?’ एवढी दोन वाक्ये स्वतःच्या हाताने लिहिणे हे या टप्प्याचे ध्येय पुरेसे आहे. पत्र कारागृहाच्या नियमाप्रमाणे तपासून कारागृहामार्फतच जावे. आपण ते खिशातून बाहेर आणू नये, कितीही गयावया केली तरी नाही. एका चिठ्ठीपायी सगळ्या संस्थेची परवानगी जाते, आणि तसे झालेले मी पाहिले आहे.

गणिताला साहित्य आतच भरपूर आहे. न्यायालयीन कोठडी चौदा दिवसांनी वाढली तर पुढची तारीख कोणती, घरून आलेल्या मनीऑर्डरीतून कॅन्टीनचा खर्च वजा जाता किती उरले, ही उदाहरणे कोणीही आनंदाने सोडवतो. अपूर्णांक शिकवण्याचे उत्तम साधन तर कायद्यानेच दिले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या न्यायाधीन बंद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश आणि इतरांनी निम्मी मुदत कोठडीत काढली असेल, तर त्याच्या सुटकेचा विचार होतो. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे त्यातून वगळलेले आहेत, आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असतील तरीही हा लाभ मिळत नाही. सात वर्षांचे एक-तृतीयांश किती, हा प्रश्न फळ्यावर लिहिल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती कोणत्याही शाळेत मी अनुभवलेली नाही. पण उत्तर काढून झाले की तिथेच थांबावे. ‘म्हणजे तुम्ही सुटणार’ असे वाक्य शिक्षकाच्या तोंडून कधीही निघता कामा नये. पुढचा सल्ला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडून घ्यायचा असतो, आणि त्यासाठी अर्ज कसा लिहावा हा मात्र आपला पुढचा पाठ होऊ शकतो.

वेळ, वही आणि कंपास

सकाळी कुलूप उघडल्यापासून संध्याकाळी बराकी बंद होईपर्यंतच्या दिवसात मोजणी, जेवण, कामाचे कारखाने, मुलाखती, वैद्यकीय तपासणी आणि न्यायालयात नेणे-आणणे एवढे सगळे बसवलेले असते. कागदावर दोन तास मिळाले तरी हातात पन्नास मिनिटे येतात असे समजून पाठ चाळीस मिनिटांचा आखावा. उलट संध्याकाळी कुलूपबंदी झाल्यावर बराकीत दिवा जळत असतो आणि सकाळपर्यंत कुणी कुठे जात नाही. खरा अभ्यास त्या वेळात होतो. म्हणून बाहेरच्या स्वयंसेवकाने आठवड्यातून दोनदा जाऊन वर्ग घेण्यापेक्षा, बराकीतल्याच शिकलेल्या बंद्यांना शिकवायला शिकवण्यात निम्मा वेळ घालवावा. आत पदवीधर असतात, हिशेबनीस असतात, कधीकधी शिक्षकही असतात. प्रत्येक बराकीत असा एकजण उभा राहिला की आपण न गेलेल्या दिवशीही वर्ग भरतो. अर्थात शिकवणारा बंदी इतरांवर मुकादमी करू लागला नाही ना, याकडे लक्ष हवे. त्याच्याकडे हजेरीचे किंवा वह्या वाटण्याचे अधिकार देऊ नयेत.

आत काय नेता येईल याची यादी लेखी घ्यावी. तारेची गुंडाळी असलेल्या वह्या, पात्याचे टोकयंत्र आणि कंपासपेटी या वस्तू हमखास दरवाजावर अडतात. दहावीच्या भूमितीला कंपास लागतोच, त्यामुळे त्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी, वर्गापुरते कंपास मोजून द्यावेत आणि मोजून परत घेऊन कारागृह शिक्षकाच्या कपाटात ठेवावेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून छापता येतात. अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तके स्वस्तात मिळतात, पण ती नेण्यापूर्वी पान न् पान चाळावे, कारण समासात कुणीतरी लिहून ठेवलेला एखादा फोन नंबरसुद्धा झडतीत सगळा गठ्ठा अडवायला पुरेसा होतो. मोबाईल, स्मार्ट घड्याळ, पेनड्राइव्ह घरीच ठेवावेत.

महिला कारागृहात एक वेगळी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. सहा वर्षांपर्यंतची मुले आईबरोबर आत राहू शकतात, आणि मूल मांडीवर असताना आईला गिरवता येत नाही. बालवाडीची वेळ आणि आयांच्या वर्गाची वेळ एकच ठेवली की प्रश्न सुटतो.

परीक्षा

साक्षरतेच्या पातळीवर केंद्र सरकारचा ‘उल्लास’ म्हणून ओळखला जाणारा नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांवरील सर्वांसाठी आहे. त्याची चाचणी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशा पन्नास-पन्नास गुणांच्या तीन भागांत, एकूण १५० गुणांची असते. नोंदणी ॲपवर होते आणि आत मोबाईल नेता येत नाही, तेव्हा बंद्यांचा तपशील कागदावर घेऊन जवळच्या शाळेमार्फत बाहेरून नोंद करावी. अनेकांना इथे पहिल्यांदाच आयुष्यातील एखादे प्रमाणपत्र मिळते.

दहावीसाठी दोन वाटा आहेत. पहिली राज्य मंडळाची, खासगी विद्यार्थी म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरण्याची. तिच्यात खरी अडचण शाळा सोडल्याच्या दाखल्याची येते. दाखला वीस वर्षांपूर्वीच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पडलेला असतो, गावाशी संबंध तुटलेला असतो आणि मुदत पावसाळ्यात येऊन निघूनही जाते. म्हणून ज्यांना पुढच्या वर्षी बसायचे आहे त्यांच्या घरच्यांना आदल्या वर्षीच मुलाखतीच्या वेळी दाखल्याची दुय्यम प्रत काढायला सांगावे. ज्यांची पाचवीही झालेली नाही त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या परीक्षा आहेत. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. तिथे प्रवेश पाच वर्षे टिकतो, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवत जाता येते आणि मराठी माध्यम उपलब्ध आहे. ज्याची कधीही बदली होऊ शकते अशा माणसासाठी माझ्या मते हीच वाट बरी. एका वर्षी मार्चच्या परीक्षेच्या तोंडावर आमच्या दोन विद्यार्थ्यांना दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करण्यात आले आणि त्यांची संपूर्ण वर्षाची मेहनत वाया गेली. मुक्त विद्यालयात असते तर फक्त दोन विषय मागे पडले असते.

पदवीसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ या दोन्ही संस्था कारागृहांत अभ्यासकेंद्रे चालवतात, आणि इंदिरा गांधी विद्यापीठात बंद्यांना शुल्कमाफीची सोय आहे. तिथे परीक्षेइतकेच गृहपाठाला महत्त्व असते. गृहपाठ वेळेत पोहोचला नाही तर उत्तीर्ण विद्यार्थीही अडकतो, म्हणून गृहपाठाची पोच घेणे हे स्वयंसेवकाचे काम समजावे.

शिक्षण पूर्ण केल्याबद्दल शिक्षाबंद्यांना शिक्षेत विशेष माफी मिळू शकते, आणि अनेकजण त्यासाठीच वर्गात येतात. त्यात वाईट काही नाही. आपणही नोकरीसाठीच शिकलो. पण माफीचा निर्णय कारागृह प्रशासनाचा असतो आणि न्यायाधीन बंद्याला ती लागू होत नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे, नाहीतर निकालानंतर वर्गात कडवटपणा येतो.

कागद

प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावे एकसारखी दोन पाकिटे करावीत. प्रत्येकात प्रवेश अर्जाची प्रत, नोंदणी क्रमांक, भरलेल्या शुल्काची पावती, मागील गुणपत्रिका आणि कुठवर अभ्यास झाला याची एक ओळीची नोंद असावी. एक पाकीट कारागृह शिक्षकाकडे, दुसरे संस्थेच्या कार्यालयात. अर्जात कायमच्या पत्त्याच्या रकान्यात घरचा पत्ता लिहावा आणि कारागृहाचा पत्ता फक्त पत्रव्यवहारासाठी द्यावा, म्हणजे उद्या नोकरीच्या वेळी तो कागद दाखवताना माणसाला खाली पाहावे लागणार नाही. बदलीची बातमी आपल्याला कुणी कळवत नाही. हजेरीत दोन वेळा नाव नसले की स्वतःहून चौकशी करावी आणि नव्या कारागृहाच्या अधीक्षकांना संस्थेच्या शीर्षकपत्रावर नोंदणी क्रमांकासह पत्र पाठवावे.

सुटकेचे तर विचारूच नये. आदेश संध्याकाळी येतो, माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी निघतो, आणि वही बराकीतच राहते. म्हणून संस्थेचा पत्ता आणि कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक, स्वतःचा नव्हे, प्रत्येकाकडून तोंडपाठ करून घ्यावा. साक्षरतेच्या वर्गात आकडे शिकवताना हाच क्रमांक फळ्यावर लिहावा, म्हणजे दोन्ही कामे होतात. मागच्या दिवाळीनंतर एकजण आमच्या कार्यालयात आला, त्याच्याजवळ कागदाचा कपटाही नव्हता. त्याने क्रमांक म्हणून दाखवला, आम्ही कपाटातून त्याचे पाकीट काढले, आणि उरलेल्या दोन विषयांचा फॉर्म त्याने तिथेच टेबलावर बसून स्वतः भरला.